बाबांची डिटॅचमेंट

बाबा तोफखान्यात होते. तोफखाना म्हटलं की लोकांना वाटतं, एक माणूस तोफेला बत्ती देतो आणि कानांवर हात ठेवतो. बाबांना या चित्राचा भयंकर राग होता. एका तोफेवर सहा-सात माणसं काम करतात आणि त्या सगळ्यांना मिळून डिटॅचमेंट म्हणतात, हे त्यांनी माधव नगरातल्या आमच्या दूधवाल्यापासून माझ्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. ‘तुकडी’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. तुकडी दहांची असते, शंभरांचीही असते. डिटॅचमेंट म्हणजे एकाच तोफेची माणसं, बस.

या माणसांना नंबर असतात. एक नंबर हुकूम देतो, तीन नंबर नेमाच्या दुर्बिणीला डोळा लावून बसतो, चार नंबर गोळा भरतो. बाबा पाच नंबर. गोळे तयार करून पुढे द्यायचे, एवढंच त्यांचं काम. पण विचाराल तर कुठलाही नंबर ‘आमच्या तोफेने मारलं’ असंच सांगणार. ‘मी मारलं’ म्हणणारा माणूस त्यांच्यात फार हलका समजला जातो.

बाबांच्या तोफेवरचे तीन नंबर आता झालावाडकडे शेती करायचे. दर वर्षी इथल्या नदीवरच्या कार्तिक मेळ्याला दोन दिवस आमच्याकडे राहायला यायचे. पहाटे ते आणि बाबा रामघाटावर आंघोळीला जायचे आणि येताना आमच्यासाठी पोहे-जलेबी आणायचे. ते बाबांना ‘पाँच’ म्हणत आणि बाबा त्यांना ‘तीन’. “माझा कितवा नंबर ते एकदा सांगून टाका,” असं आई चिडवायची. एरवी गंभीर असणारे बाबा ते दोन दिवस मनमोकळे हसायचे.

मी शाळेत हिंदी शिकवते, आणि आपल्याला लिहिता येतं असा माझा जुना समज आहे. इथल्या एका मराठी मंडळाने स्मरणिकेसाठी बाबांवर लेख मागितला तेव्हा मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. बाबांना समोर बसवलं. त्यांनी डोंगरातल्या लढाईची एक दुपार सांगितली. सांगताना स्वतःबद्दल फार काही बोललेच नाहीत. तीन नंबरचा डोळा सुजून बंद होत आला होता, तरी त्याने जागा सोडली नाही आणि समोरच्या टेकडीवरचा बंकर टिपला, हेच दोनदा सांगितलं.

“डिटॅचमेंट लिही हं बेटा. दुसरं काही लिहिलंस तर मतलब बदलतो,” असं ते म्हणाले. “आणि छापायच्या आधी मला दाखव.”

मी दाखवलं नाही. मंडळाची घाई होती हे खरं आहे, पण बाबा काटछाट करतील ही धास्ती त्याहून खरी होती. सात माणसांची गोष्ट मला पसरट वाटली. मी सहा जणांना गाळलं. नेम बाबांनी धरला, बंकर बाबांनी उडवला, असं लिहिलं. तो सुजलेला डोळाही बाबांना देऊन टाकला. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. आज त्याची लाज वाटते.

स्मरणिकेच्या कार्यक्रमात बाबांना शाल आणि नारळ द्यायचं ठरलं. तो दिवस मेळ्यातच आला, म्हणून बाबा हौसेने तीन नंबरना घेऊन आले. सूत्रसंचालकाने माझा लेख खड्या आवाजात वाचून दाखवला. तीन नंबरनी अर्धं आयुष्य मराठी माणसांत काढलेलं, त्यांना शब्द न् शब्द कळत होता. बाबांची मान खाली गेली. शेजारी बसलेले तीन नंबर टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच्या बसने निघून गेले, घाटावरही गेले नाहीत.

“हे काय केलंस तू?” बाबांनी मला विचारलं.

“लेख आहे बाबा, कोर्टातली साक्ष नाही,” मी म्हणाले. असं उत्तर मी दिलं.

पुढच्या मेळ्याला तीन नंबर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी बाबांना म्हटलं, फोन करा.

“काय सांगू फोनवर? पोरीने लिहिलं म्हणून सांगू?” बाबा म्हणाले. “तुझ्यावर नाही ढकलणार मी.”

म्हणजे फोन मीच करायला हवा होता. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. आधी परीक्षेचे पेपर तपासायचे होते, मग सुट्टीत आम्ही गावाला गेलो, मग इतके दिवस गेल्यावर कुठल्या तोंडाने बोलायचं म्हणून राहिलं. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला एक वाक्य जुळवता आलं नाही. तीन मेळे असे गेले, आणि चौथ्याच्या आधी बाबाच गेले. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, “तीन नाराज आहे.” मी त्यांचे पाय चेपत राहिले.

ते गेल्यावर मात्र मी फोन केला. दहाव्याच्या दिवशी तीन नंबर रामघाटावर हजर होते. पिंडदान आटोपल्यावर मी त्यांना बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं, सगळी कारागिरी माझी होती, बाबा शेवटपर्यंत डिटॅचमेंटच म्हणत होते. तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं, असंही म्हणाले.



“ग़ुस्सा किस बात का, बिटिया? मुझे लगा, उसने घर में ऐसे ही बता रखा होगा. बाल-बच्चों में आदमी की थोड़ी इज़्ज़त बनी रहे, क्या बुरा है. मैं आता रहता तो तुम लोग मुझसे पूछते. फिर या तो मैं झूठ बोलता, या वो झूठा पड़ता. इसलिए नहीं आया.”

मग पायरीवर बसून त्यांनी विचारलं, “मेरी राह देखता था क्या?”

“हो,” मी म्हणाले. “दर मेळ्याला.”