दोन मिनिटं

भिंगारला साहेबांच्या घरी मी रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. साहेब नौदलातून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती. मी जामखेडकडच्या ऊसतोड कामगारांच्या घरातला पहिला पदवीधर, आणि ती पदवी मी त्यांच्या मागच्या खोलीत राहून मिळवली. आई म्हणायची, "सायबाचं उपकार लई हायती. त्यांला कदी न्हाई म्हनू नगं."

एका सकाळी ते म्हणाले, "पेपर राहू दे. पत्र लिहायचंय. मी सांगतो तसंच."

पत्र देवळाली प्रवरातल्या एका निवृत्त शिक्षिकेला होतं. युद्धात बाईंचा धाकटा भाऊ साहेबांच्या जहाजावर इंजिनघरात होता. त्याचं प्रेत मिळालं नाही. बाईंनी ख्रिस्ती कबरस्तानात रिकामीच कबर बांधली होती आणि दरवर्षी त्या तिला स्वतः चुना लावायच्या. साहेबांना हे नुकतंच कुणाकडून तरी कळलं होतं.

ते सांगत गेले. जहाजाला खालून भगदाड पडलं होतं, इंजिनघरात पाणी चढत होतं. वरचं लोखंडी दार लावलं नसतं तर शंभरावर माणसांसह जहाज बुडालं असतं. खालून फोनवर तो मराठीत म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं द्या. एकाचा पाय अडकलाय." साहेबांनी दिली नाहीत. दार लावायचा हुकूम दिला. नंतर बराच वेळ खालून हातातल्या लोखंडी पान्यानं दार ठोकल्याचा आवाज येत राहिला.

पेन थांबल्याचं त्यांना ऐकू आलं. "कोयता चालवणाऱ्यांचा पोरगा ना तू? मग कचरतोस कशाला? लिही."

माझा आजा वारला तेव्हा आम्ही उसाच्या फडावर होतो. गावाहून फोन आला, "आजा सिरीयस हाय, निघा." आमच्यात मरण असं एकदम सांगत नाहीत. माणसाला घरापर्यंत पोचू देतात. मीही तेच केलं. पाणी इतक्या अचानक शिरलं की कुणाला काही कळलंच नाही, असं लिहिलं. साहेबांना मात्र त्यांचेच शब्द वाचून दाखवले.

तीन आठवड्यांनी बाईंचं उत्तर आलं. "माझ्या भावाला यातना झाल्या नाहीत, देवाचे आभार. इतक्या वर्षांनी मला नीट झोप लागते. ज्यानं पत्र लिहून दिलं त्याचं अक्षर सुंदर आहे."

साहेबांना ते वाचून दाखवताना मी अडखळलो.

"काय लिहिलं होतंस तू?"

मी सांगितलं. ते ओरडले नाहीत.

"तो हुकूम बरोबर होता की चूक, मला अजून कळलेलं नाही. पण तो माझा होता. तू तो माझ्याकडून काढून घेतलास." मग म्हणाले, "दुसरा कागद घे."

या वेळी त्यांनी सांगितलं ते सगळं लिहिलं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. दारात सायकलची घंटी वाजली की साहेब मान वळवायचे. पोस्टमन नसेल तर मी "दूधवाला" म्हणायचो. थंडीत ते गेले.

तिसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई पिशवी घेऊन दारात आल्या. त्यांनी दोन्ही पत्रं माझ्यासमोर ठेवली.

"अक्षर एकच आहे. खरं कोणतं?"

मी साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. "दुसरं, बाई."

"तो खरंच म्हणाला, दोन मिनिटं द्या?"

"हो."

"शाळेसाठी उठवायला गेलं की हेच म्हणायचा. 'ताई, दोन मिनिटं.'" त्या भिंतीला टेकून बसल्या. "मी कधीच दिली नाहीत रे. पांघरूण ओढायचे."

मी पाणी आणलं. त्या प्यायल्या नाहीत. उठताना त्यांनी दुसरं पत्र घडी करून पिशवीत ठेवलं आणि पहिलं माझ्याकडे सरकवलं.

"हे तुझं आहे. तूच ठेव."

त्यावरचा बाईंच्या बोटाचा चुन्याचा ठसा अजून गेलेला नाही.