दाजींनी खरवडलेले फर्मे

मी लिहिणारा माणूस नाही. पण आमच्या धंद्यात दाजींबद्दल जी गोष्ट सांगितली जाते ती खोटी आहे, आणि ती पसरायला मी कारण झालो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाय वाकडेतिकडे झालेल्या लोकांसाठी बूट करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. मी शिलाईवर, ते फर्म्यांवर. फर्मा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाचा लाकडी साचा. त्यावर कातडं ताणून बूट बनतो. अडतीस वर्षांत दाजींनी तीनशेवर जोड कोरले. रस्त्यात कुणी हाक मारली की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. ताई म्हणायची, "माझी टाच फुटली की यांना लगेच दिसतं. मी रडत बसले तर दिसत नाही."

वयाबरोबर पाय बदलतो. कुठे हाड वर येतं, कुठे कायमची सूज राहते. दर वेळी नवा फर्मा कोण कोरणार? दाजी त्या जागी कातड्याचा पातळ तुकडा चिकटवायचे, म्हणजे बुटात तेवढी जागा सुटायची. एकेका फर्म्यावर अशी पाच-सहा ठिगळं, एकावर एक. दिसायला ओंगळ, पण बूट कधी चावला नाही.

मग मालकांच्या जावयांनी स्कॅनर आणला आणि थ्रीडी प्रिंटर. फर्मा फिरत्या पाटावर ठेवला की त्यावरून उजेड फिरतो आणि त्याचा आकार कॉम्प्युटरात जातो. प्रिंटर प्लास्टिकचे थर चढवत हुबेहूब तसाच फर्मा बनवतो. जावई तसे वाईट नव्हते. दाजींना म्हणाले, "काका, नुसते फोटो काढायचेत. तुमचं काम जपलं जाईल." मी बाजूलाच होतो.

पाहुणे यायच्या आधी पोरांची तोंडं पुसावीत, तसे दाजींनी सगळे फर्मे साफ केले. ठिगळं खरवडून काढली, पॉलिशपेपर मारला, तेलाचा हात दिला. नऊ दिवस तेच चाललं होतं.

मी म्हटलं, "दाजी, ठिगळं कशाला काढताय?"

"अरे, फोटोत ती घाण कशाला? झालं की परत लावतो. कुणाचं कुठे ते डोक्यात आहे माझ्या."

मला पटलं.

सगळे फर्मे स्कॅन व्हायला महिना लागणार होता, पण पहिल्याच आठवड्यात प्लास्टिकच्या फर्म्यांवर चौदा जोड तयार होऊन गिऱ्हाइकांकडे गेलेसुद्धा. मीच शिवले. पंधरा दिवसांत अकरा परत आले. एका निवृत्त शिक्षिकेच्या अंगठ्यापाशी जखम झाली होती. जावयांनी सगळ्यांसमोर लाकडी आणि प्लास्टिकचा फर्मा शेजारी ठेवून मोजायचं कॅलिपर लावलं. केसाचाही फरक नव्हता.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "मुळातले फर्मेच चुकलेले आहेत."

दाजींनी लाकडी फर्मा उचलला, अंगठा फिरवला, आणि तेव्हा त्यांना कळलं, ते नुसते फोटो नव्हते. त्यांचा चेहरा मला बघवेना. चारचौघांत तोंड न उघडणारा मी बोललो, "फर्मे बरोबर होते. दाजींनी वरची ठिगळं काढली." वाटलं, वाचवलं.

मालक दाजींकडे वळले. "अडतीस वर्षांत काढली नाहीत, ती मशीन आल्यावरच काढली? मुद्दाम?"

"मुद्दाम नसेल हो," जावई म्हणाले. "वय झालंय. काय चाललंय ते कळलं नसेल त्यांना."

'नुसते फोटो' हे स्वतःचे शब्द ते आता बोलतील म्हणून मी थांबलो. ते बोलले नाहीत. मी बोलू शकलो असतो.

दाजी शांतपणे म्हणाले, "कळत होतं. मुद्दामच केलं."

घरी जाताना मी विचारलं, "असं का म्हणालात?"

"मग काय म्हणू? म्हातारा बावळट झालाय म्हणू? अरे, खुनशी माणसाचे फर्मे निदान बरोबर तरी असतात. बावळटाचे कोण वापरतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांना काढून टाकलं. पुढे कुठल्याच कारखान्याने घेतलं नाही. 'मालकाचं मशीन बुडवायला निघालेला म्हातारा' ही ख्याती त्यांच्या आधी पोचलेली असायची. जावयांनी सगळ्या गिऱ्हाइकांचे पायच थेट स्कॅन करून घेतले. आता बूट चावत नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. लाकडी फर्मे जळणात गेले.

मी आणखी चार वर्षं तिथेच शिवत राहिलो. एकदा न राहवून ताईला ते फोटोंचं सांगितलं. ती म्हणाली, "आणि तू तिथे होतास?" तेवढंच. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही; मी गेलो की आत जाते. दाजी मात्र खुर्ची पुढे करतात, शिलाईने अधू झालेले माझे डोळे काय म्हणतायत विचारतात, जिना जपून उतर म्हणतात. तिच्या गप्प राहण्याची मला सवय झाली. त्यांच्या विचारपुशीची होत नाही.