ताटातले दोन सिलिंडर

गन ऑइलचा वास आला की अमेरिकेत बॉथेलला असतानाचं ते डायनिंग टेबल आठवतं आणि अजूनही डोकं फिरतं. शेजारच्या रिटायर्ड डॉक्टर काकांचं आणि माझं ट्वेंटी-टू रिव्हॉल्वर अगदी सारखं होतं. गोळ्या भरायचा नेहमीचा फिरता सिलिंडर काढून जास्त जोरदार मॅग्नम गोळ्यांचा घालता येणारं. प्रत्येक सिलिंडर आपापल्या गनलाच नीट बसतो, हे ठाऊक असूनही मी त्या टेबलावर दोघांचे मॅग्नमचे सिलिंडर एकाच ताटात पुसले. मग माझा बसेचना. दहादा काढला, दहादा अडकला. "थांब रे, बघू तरी," काका म्हणाले. मी ऐकतोय कुठला! कानस घेतली आणि घासून बसवलाच. काकांनी ताटात उरलेला माझ्यापुढे धरला. "हा तुझा. घासलास तो माझा." घासलेला आता त्यांच्या गनला बसणार नव्हता; तोही त्यांनी मलाच दिला. आज माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही मस्त बसतात, आणि त्याचाच संताप येतो.