रिकामा आलेला डबा

ट्रक काही आमच्या गल्लीत शिरला नाही. कसबा पेठेतल्या त्या गल्लीत समोरून सायकल आली तरी माणसानं भिंतीला चिकटायचं, तिथे ट्रक कुठला शिरतोय! मग सगळा संसार हातगाडीवर चढवून हमरस्त्यापर्यंत न्यायचा. सकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, तरी बिल्डिंगमधल्या बायका बादल्या तशाच सोडून गॅलरीत येऊन उभ्या. गाद्यांच्या वळकट्या, शिलाई मशीन, आमच्या लेकीची, मुग्धाची सायकल आणि सगळ्यात वर पाय वर करून बांधलेलं जेवणाचं टेबल. मी हातगाडीच्या मागून चालत होते आणि मला चक्क लाज वाटत होती. घरात असताना ज्या वस्तूंचा केवढा तोरा मिरवायचो, त्या रस्त्यावर आल्या की अगदीच केविलवाण्या दिसतात.

आई कोपऱ्यावर उभी होती. "सामान हलवताना म्हाताऱ्या माणसांनी मध्ये लुडबुडू नये," म्हणून ती घरी आलीच नव्हती. तिनं आमच्या तिघांच्या हातावर दही घातलं आणि माझ्या हातात पितळी कडीचा डबा दिला. आत वाटेत खायला दशम्या.

"चटणी वेगळी बांधल्येय, सांडू नकोस. आणि डबा परत आणायचा. तू आणायचास. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवलास तर मी घेणार नाही."

मी पदर डोळ्याला लावून उभी राहिले, तर म्हणते कशी, "रडून झालं असेल तर बस आता. ड्रायव्हर खोळंबलाय."

अशी आमची आई. ट्रक वळेपर्यंत ती तिथेच उभी होती, हात मात्र एकदाही हलवला नाही.

आपल्या त्या बिल्डिंगमधल्या माणसांनो, आता कुठे कुठे आहात तुम्ही सगळे? कुणी कोथरूडला, कुणी धायरीला, कुणाची मुलं अमेरिकेत आणि तुम्ही त्यांच्या मुलांना सांभाळायला तिकडे. आम्ही आलो इंदूरला आणि अर्धं आयुष्य इथेच सरलं. आम्ही गेलो ते का आणि कसे, याबद्दल तेव्हा गॅलरीत बरंच काही बोललं गेलं, ते माझ्या कानावर आलंय बरं का. म्हणून खरं काय झालं ते आज सांगून टाकते. सांगायला कारणही घडलंय.

ह्यांच्या कंपनीनं इंदूरजवळ नवा कारखाना काढला आणि ह्यांना टूलरूमचा मुख्य म्हणून बोलावलं. पगार वाढणार, राहायला क्वार्टर. नाही म्हटलं असतं तरी लगेच नोकरी गेली नसती, पण पुण्यातलं काम आज ना उद्या बंद होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मुग्धा तेव्हा पाचवीत. शाळा बदलायची, भाषा बदलायची, तेही जमलं असतं. माझा पाय अडकला होता तो आईपाशी.

मी एकुलती एक. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आई महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झालेली. जन्मभर दुसरीचा वर्ग शिकवला, त्यामुळे जगातल्या यच्चयावत माणसांशी ती दुसरीतल्या पोरांशी बोलावं तशीच बोलायची. आमच्या मागच्याच गल्लीत एकटी राहायची आणि लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा तिचा नियम. अंगात ताप असला तरी झोपायला आपल्या घरी. आमच्याकडे जेवलीच, तर दुसऱ्या दिवशी डबा भरून पाठवणार. मग तिचा डबा रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून मी काहीतरी घालून देणार. वर्षानुवर्षं तो डबा दोन गल्ल्यांमध्ये फिरत होता आणि तो नेमका कुणाकडे असायला हवा, हे देवालाही सांगता आलं नसतं.

आपल्या बिल्डिंगमध्येही तेच होतं की! कुणाचं भांडं रिकामं परत जायचं नाही. खीर आली तर त्या पातेल्यातून आपली भाजी जायची आणि घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. खाली हमीदाबी राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं कल्हईचं दुकान होतं. त्यांची ईदेला शीरखुर्म्यानं भरून आलेली वाटी आमच्याकडून करंज्या घेऊन परत जाईपर्यंत दिवाळी उजाडायची. त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. आपलं भांडं दुसऱ्याच्या फळीवर आहे, म्हणजे येणंजाणं चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हे मात्र आमच्या ह्यांना ठाऊक नव्हतं. पुरुषमाणसं, भांडी कधी हातात धरली असतील तर ना! आणि त्यातून टूलरूममधला माणूस. तिथे भिंतीवर प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती काढलेली, संध्याकाळी जो तो पाना आपापल्या आकृतीवर टांगलेला दिसला पाहिजे. घरीही तोच खाक्या.

कंपनीला उत्तर द्यायची वेळ आली होती. मी "विचार करत्ये" यापुढे सरकत नव्हते. एका रविवारी मी मंडईत गेले आणि ह्यांनी स्वयंपाकघर आवरायला काढलं. फळीवरची सगळी भांडी उतरवली. आपल्याकडे भांड्यांवर नावं घातलेली असतातच, ती वाचून वाचून ज्याचं त्याचं वेगळं केलं, चिंच लावून लख्ख घासलं आणि मुग्धाला बरोबर घेऊन घरोघर परत करून आले. रिकामं. वर आईचा डबाही तिला नेऊन दिला. तोही रिकामा.

मी भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात पाऊल टाकलं, तर हमीदाबी दारातच.

"काय गं सुधा, आपलं भांडण झालंय का?"

"नाही बाई! का?"

"मग वाटी रिकामी धाडलीस ती? सगळ्यांचीच धाडलीस म्हणे. निघालात होय? आम्हाला सांगितलंसुद्धा नाही!"

वर पोचेपर्यंत आणखी दोघींनी विचारलं, "कधी निघताय?" आमचं घरात ठरलं नव्हतं आणि बिल्डिंगमध्ये ठरून मोकळं झालं होतं. मी घरात शिरले ती कडाडलेच. "अहो, केलंत काय हे? भांडं रिकामं देतात का कुणी? चिमूटभर साखर तरी टाकायची!" हे बिचारे हातात फडकं घेऊन उभे. म्हणाले, "मी म्हटलं, जायचं ठरलं तर ऐन वेळी घोटाळा नको. आणि साखर कशाला? घासल्यावर परत खरकटं होणार." आता या माणसाला काय सांगायचं!

पिशव्या तशाच टाकल्या आणि आईकडे धावले. ती ओट्यापाशी उभी होती आणि ओट्यावर डबा, झाकण बाजूला काढून ठेवलेलं.

"ठरलं वाटतं," ती म्हणाली.

नाही नाही, ह्यांना कळत नाही, असं झालं आणि तसं झालं, मी काय काय सांगत सुटले. सांगता सांगता हुंदका आला. आईनं मला मनसोक्त रडू दिलं. तिच्या मानानं ते फारच झालं.

"जावईबापूंनी चांगलं केलं," मग ती म्हणाली. "तुझ्या भरवशावर राहिले असते, तर मुग्धाच्या लग्नापर्यंत तू विचारच करत बसली असतीस. पोरीला बाप लागतो रोज. तो तिकडे आणि तुम्ही इकडे, हे असले संसार मला आवडत नाहीत."

"मग तूही चल."

"लेकीच्या घरी?"

"नियम राहू दे गं आता!"

"आणि तिकडे जाऊन करू काय? मला हिंदीत भांडता येत नाही."

रडता रडता हसायला आलं मला. तीही हसली असेल, पण पाठ फिरवून. फळीवरचा साखरेचा डबा काढला, चांगली मूठभर साखर त्या पितळी डब्यात ओतली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला. "तुमच्याकडून रिकामा आला. माझ्याकडून नाही जायचा."

घरी येऊन त्या साखरेचा चहा करून मी आणि हे प्यायलो आणि इंदूरला जायचं ठरलं. डबा धुऊन, रव्याचे लाडू घालून तिला परत दिला. तोच डबा तिनं निघायच्या सकाळी दशम्या घालून माझ्या हातात ठेवला. तो परत आणण्याची अट का घातली, ते मला ट्रकमध्येच उमगलं. ये म्हणून विनवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

इंदूरनं आम्हाला काही कमी केलं नाही. उगाच कशाला खोटं बोलू? इथे दुकानदार "आइए दीदी, बैठिए" म्हणतो, चार साड्या जास्तच उलगडतो आणि काही घेतलं नाही तरी हसून निरोप देतो. पहिली दोन वर्षं मला त्याचाच त्रास व्हायचा. मान वर न करता "नाहीये" म्हणणारा आपला पुण्याचा दुकानदार आठवून मी साडी न घेताच बाहेर पडायचे. पोह्यांवर शेव आणि जीरावन मसाला, सोबत जिलबी, हे आधी विचित्र वाटलं, मग आवडलं, मग त्याशिवाय पोहे अळणी लागायला लागले. मुग्धा वर्षभरात "अपन चलें?" म्हणायला लागली. माझ्याही तोंडात "हओ" बसलं. सुट्टीत आईपुढे एकदा निसटलं, तर लगेच, "हओ काय? माणसं हो म्हणतात."

दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात डबा मांडीवर घेऊन मी पुण्याला यायचे. जाताना इंदूरची शेव भरून न्यायची. येताना आईचं मेतकूट, भाजणी. दर वेळी "चल" म्हणायचे, दर वेळी "बघू" म्हणायची. बिल्डिंगच्या खाली उभं राहिलं की कल्हईच्या धुराचा तो वास यायचा आणि मला वाटायचं, पोचले. इंदूरच्या क्वार्टरचं कुलूप उघडताना मात्र असं कधीच वाटलं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

आई गेली तेव्हा डबा इंदूरला होता. फोन आला, नेसत्या साडीनिशी निघालो आणि डबा फळीवरच राहिला. इतक्या वर्षांत एकदाच मी तिच्याकडे रिकाम्या हातानं गेले. ते शल्य अजून टोचतं, खोटं कशाला सांगू?

दिवस झाल्यावर तिचं घर आवरलं. फळीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांची भांडी होती, नावं घातलेली. मी एकेक भांडं पुसलं, प्रत्येकात साखर घातली आणि ज्याची त्याला देऊन आले. हे पिशवी धरून माझ्याबरोबर दारोदार हिंडले. हमीदाबींनी वाटी घेतली, साखर तोंडात टाकली आणि मला जवळ घेऊन ढसाढसा रडल्या.

आता सगळं उलट झालंय. मुग्धा नोकरीसाठी पुण्यात गेली, तिथलीच झाली. वारज्यात तिचा फ्लॅट आहे. आमच्या वेळी वारजं म्हणजे गाव, हुरडा खायला जायचो आम्ही तिकडे! आता सातव्या मजल्यावरून खाली बघितलं तर नुसत्या गाड्या. माझे गुडघे बोलायला लागलेत, ह्यांचा एक डोळा अधू झालाय आणि लेक रोज फोनवर, "आई, तुम्ही इकडेच या ना आता. एक खोली रिकामी आहे."

मी पटकन म्हणून गेले, "लेकीच्या घरी कायमचं राहायचं नसतं." बोलले आणि मीच दचकले. आवाजसुद्धा आईचाच होता. मुग्धा हसायला लागली. "बरं. मग निदान आजीचा डबा न्यायला ये. गेल्या वेळी मला लाडू घालून दिलास, तो माझ्याकडेच आहे. कुणाच्या हाती पाठवणार नाही हं."

लबाड कुठली! कुणावर गेली ते सांगायला नकोच.

तरी माझा विचार चालूच होता. इथल्या कॉलनीत सगळ्यांचे सणवार केले, आजारपणं काढली. पलीकडच्या शर्मा भाभींनी मला हिंदीत भांडायला शिकवलं. आई, आता मला येतं गं. पुण्याला जाऊन परत पहिल्यापासून कुणाच्या ओळखी काढू? आणि जिला भेटायला पुण्यात जायचे, तीच तिथे नाही.

परवा सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर रांगेनं भांडी मांडलेली. शेजाऱ्यांची, ओळीनं, टूलरूममध्ये मांडावीत तशी. घासलेली, पुसलेली. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात आत बघितलं. प्रत्येक भांड्यात चिमूट चिमूट साखर. ओट्यावर थोडी सांडली होती. डोळा अधू ना.

हे फडकं हातात घेऊन बाजूला उभे होते.

"तुला विचारल्याशिवाय नेणार नाही," म्हणाले. "नेऊ का?"

मी सगळी रांग एकदा नजरेखालून घातली. मग रांगेतली शर्मा भाभींची वाटी उचलली, साखर तोंडात टाकली, वाटी पदरानं पुसली आणि माझ्या पिशवीत ठेवून दिली.

"बाकीची न्या," मी म्हटलं. "ही राहू दे. ही परत द्यायला मी स्वतः येणार आहे."