इंजिन नसलेली आगगाडी

केशवअण्णा गेल्याचं मला कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं सांगितलं. "तुमचे गार्डसाहेब गेले की, मास्तर. सकाळीच." मी अक्कलकोटहून परतत होतो. हातातली वळकटी तशीच घेऊन त्यांच्या खोलीवर पोचलो, तर त्यांना घेऊनही गेले होते. शेजारणीनं दाराला कडी घातली होती... त्याला आता महिना उलटून गेला.

सोलापूर स्टेशनात अण्णांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, पण त्यांच्या घरी जाणारा बहुधा मी शाळामास्तर एकटाच. उभी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून काढलेली, मूलबाळ नाही, बायको तरुणपणीच गेलेली. पेन्शनीत आल्यावर त्यांना एकच नाद लागला, एकोणिसाव्या शतकातल्या आगगाडीचे खेळण्यातले डबे जमवायचा. विलायतेला परत निघालेल्या साहेबाच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव पुकारला की अण्णा तिथं हजर. पत्र्याचे, लाकडाचे, वीतभर लांबीचे ते डबे. प्रत्येक कप्प्याला वेगळं दार, टपावर तेलाच्या दिव्याचं टोपण, खाली लांब पायरी. भिंतीवरच्या फळीवर ते ओळीनं उभे असत. ओळीत इंजिन मात्र नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "इंजिन कशाला? ह्यांना कुटं न्यायचं न्हाय."

एका उन्हाळ्यात ते लिलावातून नवा डबा घेऊन आले. खिडकीच्या काचेवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'लेडीज' लिहिलेलं होतं. डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले... मग पहिल्यांदाच बायकोविषयी बोलले. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. तिचं दुखणं हटेना, म्हणून पुण्याच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. गाडीवर ड्यूटी अण्णांचीच. तिला तिच्या आईबरोबर बायकांच्या डब्यात बसवलं आणि हे शेवटच्या, गार्डाच्या डब्यात.

"कुर्डुवाडीला जाऊन बघितलं. पाणी प्याली. म्हणाली, तुमी जावा, गाडीला उशीर होईल. मी गेलो, हिरवा बावटा दाखवला. दौंडला उतरलो, तर सासूबाई दारात उभ्या होत्या... काय विचारायचं राहिलंच न्हाय." काचेवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "एकाच गाडीत होतो की आमी, मास्तर. पण डब्याडब्यांतून वाट नसायची तवा."

मग उठले, ओळीच्या टोकाचा गार्डाचा डबा उचलला आणि या डब्याला लावून ठेवला. त्यानंतर त्यांनी एकही डबा आणला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मंगळवेढ्याचा पुतण्या खोली रिकामी करायला आला. भला माणूस. "आठवण म्हणून एखादा डबा न्या की," म्हणाला. मी म्हटलं, "मला नको. फक्त हे दोन एकमेकांपासून वेगळे करू नका." त्यानं अण्णांच्याच धोतराच्या पानात दोन्ही डबे एकत्र गुंडाळले.

खोलीत आता नवं बिऱ्हाड आलंय. संध्याकाळी शाळेतून निघालो की पाय सवयीनं तिकडेच वळतात. परवा दारात तांदूळ निवडत बसलेल्या बाईनं मान वर करून विचारलं, "कोन पायजे?"

"कुणी नाही," म्हणालो आणि परत फिरलो. दुसरं कुठं जावं, ते मात्र सुचेना.