डाव्या हाताची नायिका

जुना सिनेमा नव्याने काढायचा झाला तर कुठला काढावा, यावर आमच्या घरात अजून वाद रंगतात. मला कुणी विचारत नाही. म्हातारीला काय कळतंय! पण विचारलंच तर मी एकच सांगेन, मी पडद्याच्या पाठीमागून पाहिलेला. तो एकदा मुका निघाला, मग बोलपट होऊन पुन्हा निघाला. मी पाहिला तसा मात्र कुणी काढलाच नाही.

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. जत्रेला तंबूवाला यायचा आणि शहरात केव्हाच जुने झालेले मुके सिनेमे दाखवायचा. तंबूच्या मधोमध पडदा, पुढच्या अंगाला पुरुष, पाठीमागे आम्ही बायका. मागूनही चित्र दिसावं म्हणून पडदा पाण्याने भिजवायचे. गोष्ट समजावून सांगणारा माणूस काठी घेऊन पुरुषांकडेच उभा. आमच्याकडे त्याचं बोलणं कमी आणि लेकरांची रडारड जास्त. मधेमधे अक्षरं यायची, तीही आम्हाला उलटी. मी सहावीत होते, वाचायला येत होतं, पण उलटं अक्षर लागेपर्यंत ते निघून जायचं. शेवटी मी वाचायचा नाद सोडला.

मी जन्माची डावरी. लिहिणं डावं, खाणं डावं, विळा धरणं डावं. आईने चिमटे काढून माझा दंड काळानिळा केला होता. "सासरी नाव घालवशील आमचं," म्हणायची. आणि त्या पडद्यावर, काय सांगू, नायिका डावरी! तिला बघायला पाहुणे आलेले. तिच्यापुढे पाटी ठेवतात, ती डाव्या हाताने ऐटीत लिहिते, पाटी पाहुण्यांकडे फिरवते, आणि ते मिशाळ थोराड पाहुणे ताडकन उठून चालते होतात. पोरगी हसत सुटते. अगं बाई! मी मांडी बडवून हसले. शेजारची बाई म्हणाली, "खुळी का काय?" त्या सिनेमात पाहुणेही डावे होते, शिपाई डाव्या हाताने सलाम ठोकत होता, भटजी डाव्या हाताने अक्षता टाकत होते. पण मला तेवढी तीच दिसली.

पुढच्याच वर्षी मला स्थळ आलं. सांगलीजवळ माधवनगरला गिरणीत कामाला असलेला बिजवर. बायको बाळंतपणात गेलेली, मूलही गेलेलं. मला सातवीची परीक्षा देऊन मास्तरीण व्हायचं होतं. बापाला म्हटलं, तर तो म्हणाला, "शाळा काय जल्मभर पुरतीया व्हय?" आई रडली, पण तिने माझं लुगडं धुऊन वाळत घातलंच.

मग मी मनाशी ठरवलं. आपल्याकडे एक हत्यार आहे की!

पाहुणे आले. मुलाची आई, मुलाचा मामा आणि तो स्वतः, मान खाली घालून बसलेला. मामाने पाटी पुढे केली. "लिव्ह बगू नाव." दाराआडून आईने खाकरून खूण केली. मी पेन्सिल उचलली, डाव्या हातात धरली आणि माझं नाव लिहिलं. मोठ्ठं, गोल. पाटी त्यांच्याकडे फिरवली आणि आता ताडकन उठतील म्हणून मी वाट बघत बसले.

मुलाची आई उठली खरी. पण दाराकडे गेली नाही. माझ्यापुढे येऊन मटकन बसली, माझा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि हंबरडा फोडला. "अगं माज्या बया! ही तर तीच हाय! माजी सून परत आली!"

पहिलीही डावरी होती. आता ह्याला काय म्हणायचं?

त्याच बैठकीत साखरपुडा झाला. बोलायचं काय, तेच मला माहीत नव्हतं. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात, तिथे पहिलीचंच नाव लिहिलं. दुसरेपणावर दिलेल्या पोरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात, चांदीच्या चिमुकल्या पत्र्यावर उठवलेली बाई, तोही बांधला. तिची लुगडी मला, तिचा पाटा मला, तिची निजायची जागा मला. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. आत्याबाई वाईट होत्या का? अजिबात नाही. मला जवळ घेऊन माझी वेणी घालायच्या, तिची घालायच्या तशी. "तू कारलं खात न्हाईस," म्हणायच्या. मला कारलं लय आवडायचं. उभ्या जन्मात माझ्या डाव्या हाताला कुणी बोललं नाही असं तेवढं एकच घर, आणि त्याच घरात माझा जीव गुदमरायचा. नवरा अबोल होता. कधी माझ्याकडे टक लावून बघायचा, तेव्हा वाटायचं, हा माझ्या आरपार दुसरीलाच बघतोय. मी ओरडणार तरी कुणावर? सगळे माझे लाडच करत होते!

दोनतीन वर्षांनी सांगलीत एक बोलपट लागला. जुनाच मुका सिनेमा नव्या नटनट्यांना घेऊन काढलाय, असं नवऱ्याने सांगितलं. "तिला शिनेमाची लय आवड," म्हणाला, म्हणजे पहिलीला, आणि मला घेऊन गेला. आता पक्क्या थेटरात बायकांनाही पुढूनच बघायचं होतं. गोष्ट सुरू झाली आणि मी सावरून बसले, हा तर माझा तंबूतलाच सिनेमा! पाहुणे आले, पाटी आली. पोरीने पेन्सिल उचलली ती उजव्या हाताने! मला वाटलं, ह्या नवीन मंडळींनी घोटाळा केला. मग तिने पाटी फिरवली. अक्षरं सुलटी, स्वच्छ. त्यावर लिहिलं होतं, 'मला शिकायचे आहे. लग्न करायचे नाही.' वर तिने ते खणखणीत वाचूनही दाखवलं. पाहुणे उठले ते त्याच्यामुळे. हाताचा काही संबंधच नव्हता. सारं जग मी पाठीमागून बघितलं होतं म्हणून डावं दिसलं होतं, एवढंच.

आणि मी? मी नुसतं माझं नाव लिहून आले होते. ते नावही त्यांनी पुसलं. माझी मलाच इतकी चीड आली की बाकीचा सिनेमा मी बघितलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उजव्या हाताने कामं करायला लागले. आईच्या चिमट्यांनी जे झालं नाही ते माझं मीच केलं, कारण त्या घरात डावा हात माझा नव्हताच, तिचा होता. भाकरी फाटायच्या. आमटी ताटाबाहेर सांडायची. आत्याबाई आधी हसल्या. "अगं, डाव्या हातानं वाढ की."

"ह्योच बरा हाय, आत्याबाई."

"असं गं काय करतीस?"

"मी अशीच हाय."

ते खोटं होतं. मी अशी नव्हतेच. पण खरी होते तशी राहिले असते तर मी तीच झाले असते.

आठ दिवस त्यांनी वाट बघितली. नवव्या दिवशी दुपारी मी उजव्या हाताने गहू निवडत होते, निम्मे खडे तसेच राहत होते. त्या उंबऱ्यात बसून बघत होत्या. एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "दोनदा मेली गं माजी पोर," म्हणाल्या. मला भडभडून आलं. त्यांनी माझ्याइतकं प्रेम कुणावर केलं नव्हतं, आणि ते माझ्यावर नव्हतं. मी सूप बाजूला ठेवून त्यांच्यापाशी गेले. त्यांचे डोळे पुसायला हात आपोआप पुढे झाला, तो डावाच. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

मी तो मागे घेतला.