प्राजक्ताच्या लॅपटॉपवर

निघायच्या दिवशी पप्पांनी माझ्या बॅगेवर चारही बाजूंनी मार्करने नाव लिहिलं. माझं, त्यांचं आणि आडनाव. एका बाजूला इंग्रजीत, तीन बाजूंनी मराठीत. नेदरलँड्समध्ये मराठी कोण वाचणार, असं मी वैतागून विचारलं. "तू वाचशील ना," ते म्हणाले. त्यांची सगळी नोकरी खोपटच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली. दुरुस्तीच्या कागदावर मेकॅनिकची सही झाल्याशिवाय गाडी बाहेर सोडायची नाही, ही शिस्त त्यांनी घरीही आणली होती.

कल्याणला आमच्या चाळीखाली टॅक्सी उभी होती आणि सगळ्यांत जास्त रडत होती ती माझी मैत्रीण प्राजक्ता. ते रडणं खरं होतं असं मला अजूनही वाटतं. म्हणूनच राग जात नाही.

ठाण्याच्या ऑफिसात आम्ही दोघी शेजारी बसायचो. कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर, सगळं सी प्लस प्लसमध्ये. वापरून झालेली मेमरी मोकळी करायचं त्या भाषेत माणसानेच लक्षात ठेवायचं. आम्ही कुठेतरी विसरायचो आणि कुठल्यातरी सोसायटीचे कॅमेरे बंद पडायचे. एक दिवस प्राजक्ता म्हणाली, "सुजा, आपण रस्ट शिकूया. अगं, ती भाषा असला घोळ चालवूनच घेत नाही."

माझा लॅपटॉप इतका जुना की रस्टचा छोटा प्रोग्राम तयार व्हायला लावला की डाळ शिजून व्हायची. म्हणून दर शनिवारी तिच्या घरी, बाळकुमला, चौदाव्या मजल्यावर. तिच्या आईने पहिल्याच दिवशी आडनाव विचारलं, ऐकलं आणि मग ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं. मी त्या घरात रमले. सुरुवातीचे महिने तर कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचा प्रोग्राम बनवणारा, ओळीओळीला अडवायचा. हे तुझ्या मालकीचं राहिलेलं नाही, हे दुसऱ्याने वापरायला घेतलंय, हात लावू नकोस. आम्ही त्याला शिव्या घालायचो आणि हसायचो. मग हळूहळू जमायला लागलं. कॅमेऱ्याचं अर्धवट, खराब आलेलं चित्रण न कोलमडता वाचणारी एक लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये जोडता येईल असा तयार कोड, आम्ही लिहिली. खरं सांगायचं तर बरीचशी मी लिहिली. प्राजक्ता वाचायची, चुका काढायची, नेमके प्रश्न विचारायची.

आता माझा मूर्खपणा. कोडमधला प्रत्येक बदल कोणाच्या नावावर जाणार, हे लॅपटॉपवर दोन ओळींत ठरवता येतं. तिथे प्राजक्ताचं नाव होतं, म्हणून मी लिहिलेलं सगळं तिच्या नावावर जात होतं. मला दिसत होतं. "तुझं टाकू गं नंतर," ती म्हणायची. मी म्हणायचे, राहू दे, आपलंच तर आहे. पप्पांनी एकदा विचारलं होतं, "सही करतेस का कामावर?" मी हसले होते.

लायब्ररी आम्ही इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आणि काही महिन्यांनी मी इकडे आले, पुन्हा सी प्लस प्लसच्याच कामावर. दोन वर्षांनी आमच्या टीमनेही रस्टकडे जायचं ठरवलं. मीटिंगमध्ये टीम लीडने वापरायची म्हणून जी लायब्ररी स्क्रीनवर उघडली, ती आमची. मी म्हटलं, ही मी लिहिली आहे. त्याने लिहिणाऱ्यांच्या नावांची यादी वर-खाली करून पाहिली. एकच नाव. मग त्याने प्राजक्ताचं भाषण लावलं, कुठल्याशा परिषदेतलं. दर शनिवारी एकटीने बसून हे कसं उभं केलं, ते ती छान सांगत होती. मागच्या पडद्यावर तिच्या घरातल्या, आम्ही दोघी जिथे बसायचो त्या खिडकीचा फोटो होता. कोणी मला खोटारडी म्हटलं नाही. "नो प्रॉब्लेम," लीड म्हणाला आणि पुढच्या विषयाकडे वळला. ते जास्त लागलं.

मी तिला फोन केला. "अगं, तू तर निघून गेलीस," ती म्हणाली. "नंतर सांभाळलं कोणी? मीच ना?"

"सांभाळलंस. पण एकटीने लिहिलंस?"

ती म्हणाली, "स्टेजवरून दोन नावं कोणाच्या लक्षात राहतात, सुजा?"

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं गेलेल्यांना सगळं मिळालं. गेलेल्यांनो, आपल्याला वाटतं मागे ठेवलेलं आपलंच राहतं. मला बाळकुमचं ते घर कल्याणच्या खोलीइतकंच माझं वाटत होतं. सायकलवरून ऑफिसला जाताना मला तिथल्या थालीपिठाची आठवण यायची. आता येते तेव्हा तोंड कडू होतं.

गेल्या महिन्यात त्या लायब्ररीत एक चूक सापडली. ती माझीच होती. शनिवारी जेवायला हाक आली म्हणून घाईत सोडलेली एक तपासणी. मी ती दुरुस्त केली, माझ्या लॅपटॉपवरून, संपूर्ण नावानिशी, आणि पाठवली. प्राजक्ताने एका शब्दाविना स्वीकारली. पप्पांना फोनवर सांगितलं, सही केली. "उशीर केलास," ते म्हणाले, आणि जेवलीस का विचारलं. घर म्हणजे आता तेवढंच उरलंय: कल्याणची ती खोली, जिथे मी काय केलं याचा पुरावा कोणी मागत नाही.

फोन ठेवला आणि मेल उघडला. अनोळखी माणसाने लायब्ररीसाठी पहिल्यांदा काही पाठवलं की आपोआप जाणारा निरोप होता. तो आम्ही दोघींनी मिळून लिहिला होता, तिच्या घरी, हसत हसत. सुजाता, आमच्याकडे तुझं स्वागत आहे, पहिल्यांदाच आलीस, पुन्हा ये.